नकली बाप पकडण्याची विद्या

चोवीस वर्षं शाळेत काढल्यावर माणसाला काय काय येतं? मला भूगोल शिकवता येतो. साठ पोरांचा वर्ग एका भुवईवर शांत करता येतो. पण माझी खरी ख्याती या दोन्हींमुळे झाली नाही. नागपुरातल्या आमच्या शाळेत मी ओळखली जायची ती नकली बाप पकडणारी बाई म्हणून. पोरांनी माझं नाव ‘एक्सरे मॅडम’ ठेवलं होतं. मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला ते आवडतं हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. आज कबूल करून टाकते.

शाळा मोठी. दोन पाळ्या, सकाळी मोठे वर्ग, दुपारी लहान. एकेका इयत्तेच्या अ पासून फ पर्यंत तुकड्या. एवढ्या गर्दीत मुख्याध्यापक म्हणजे देवळातला देव. दिसतो, पण रोजचं काम पुजाऱ्याकडे. तो पुजारी म्हणजे पर्यवेक्षक, अर्थात मी. वेळापत्रक आखायचं, गैरहजर शिक्षकांच्या तासाला दुसरा बळीचा बकरा शोधायचा, भांडणं सोडवायची, फुटलेल्या काचेचा तपास करायचा, आणि कशानंच भागलं नाही की शेवटचं अस्त्र काढायचं: “उद्या वडिलांना घेऊन ये.”

हे वाक्य ऐकलं की कसलेले गुंडही पांढरे पडतात. पालक येईपर्यंत वर्गात बसायचं नाही, माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचं, असा आमचा नियम. आणि बाकावर बसलेलं पोरगं सगळ्या शाळेला दिसतं. मग पोरं काय करणार? खरा बाप घरी बदडणार, म्हणून बाप भाड्यानं आणणार. ऑटोवाले, पानठेलेवाले, शेजारचे काका, एकदा तर बँडपथकातला ट्रम्पेटवाला. गणवेशाची लाल पँट बदलायला विसरला होता.

मी कॉलेजात असताना नाटकं केलेली. सासू, राणी, खलनायिका, जे आरडाओरडा करेल ते माझं. त्यामुळे समोरचा माणूस प्रवेश कसा घेतो, वाक्य कुठे तोडतो, हात कुठे ठेवावे हे त्याला कळतं की नाही, हे मी आपोआप बघते. नकली बापांच्या भेटी मी तालमीला बसल्यासारख्या एन्जॉय करायची. एका पोरानं आई म्हणून आणलेल्या काकू भूमिकेत इतक्या शिरल्या, की त्यांनी त्याच्या कानाखाली खरोखरची वाजवली. पोरगं गाल धरून ओरडलं, “काकू, इतकं नव्हतं ठरलं!” पडदा!

या सगळ्यातून मी एक शास्त्र तयार केलं. फक्त तीन प्रश्न. पोरगं कोणत्या तुकडीत आहे? त्याचा रोल नंबर किती? वर्गशिक्षक कोण? तुम्ही म्हणाल, जो बरोबर सांगेल तो खरा. इथेच गंमत आहे. जो चुकतो तो खरा! खरा बाप डोकं खाजवतो, पोराकडे बघतो, “नववीत असंल... का दहावीत गेला बे?” असं त्यालाच विचारतो. रोल नंबर म्हटलं की घरचा मीटर नंबर सांगतो. नकली बाप मात्र तयारी करून येतो. बिचाऱ्याला पोरानं गेटबाहेर पाठ करून घेतलेलं असतं. तो तिन्ही उत्तरं घडाघडा म्हणतो, आणि सापडतो. हे सूत्र मी नव्या शिक्षकांना चहा पाजून समजावून सांगायची. फळ्यावर लिहायचंच काय ते बाकी होतं.

आमच्या गेटसमोर मनोहरभाऊंचा तर्री-पोह्यांचा, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेल्या पोह्यांचा, ठेला आहे. सकाळपाळीच्या आधी मी तिथे पोहे खाते, वर्षानुवर्षं. एक दिवस नववी ब मधल्या रोशनचे वडील म्हणून खोलीत एक गृहस्थ आले. केसांना तेल, डोळ्यांवर चष्मा, हातात डायरी. तिन्ही उत्तरं अचूक. मी मान डोलावली, फाइल मिटली आणि सहज म्हटलं, “तर्री आज जरा जास्तच तिखट होती हो.”

“उद्या कमी करतो ना मॅडम!” असं म्हणून मनोहरभाऊंनी जीभ चावली.

मी इतकी हसले की शिपाई धावत आला. मग विचारलं, “काहो, तुम्ही काय म्हणून या भानगडीत पडता?”

“आता काय सांगू मॅडम. पोट्टं रडून राहिलं होतं. त्याचा बाप स्लॅबच्या सेंट्रिंगवर मजूर आहे. एक दिवस खाडा केला तं ठेकेदार दुसऱ्या दिवशी घेत नाही. मी तं समोरच असतो. मले काय, गल्ला झाकला का आलो.”

मी त्यांना ताकीद दिली आणि रोशनला बाकावरून वर्गात पाठवलं. सेंट्रिंगवरच्या त्या बापाचा विचार करायला हवा होता. तो केला नाही. स्टाफरूममध्ये जाऊन तर्रीचा किस्सा साभिनय करून दाखवला. टाळ्या मिळाल्या. टाळ्यांची सवय वाईट.

आता समीक्षा. दहावी ड. बारीक चणीची, हुशार, बोलणं कमी. नागपुरातच, सक्करदऱ्याला मामाकडे राहायची. आईवडील उमरेडच्या पुढे एका खेड्यात. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी पाहिली तर आठवड्यातले दोन-तीन दिवस गायब. वर्गशिक्षिकेनं विचारलं, उत्तर नाही. मी विचारलं, उत्तर नाही. बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म पाठवायची वेळ आलेली. हजेरी कमी असलेल्या मुलांच्या पालकांकडून आम्ही हमीपत्र घेतो: यापुढे पाल्य नियमित येईल. पालकानं आमच्यासमोर तीन ठिकाणी सही करायची. ती झाली तरच फॉर्म पुढे जातो. शनिवारी यादी बंद होणार होती. सही नाही, तर समीक्षाची दहावी या वर्षी नाही.

“वडिलांना घेऊन ये,” मी म्हटलं आणि गावच्या पत्त्यावर चिठ्ठीही पाठवली.

बुधवारी ती आली, सोबत एक माणूस. पांढरा शर्ट, पेटीतून नुकता काढल्यासारखा, घड्या जागच्या जागी. नव्या चपला. हातात कापडी पिशवी. मी मनात पहिली घंटा दिली. प्रयोगाच्या कपड्यात कुणी खरा बाप येत नाही. खरे येतात ते ग्रीस लागलेले.

“बसा. मुलगी कोणत्या वर्गात?”

“दहावी ड, रोल नंबर एक्केचाळीस,” तो उभ्यानंच म्हणाला. न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर! “वर्गशिक्षिका वानखेडे मॅडम. नववीत इज्ञानात एक्क्याऐंशी, गणितात चौऱ्याहत्तर. मराठीचे सर नवे आले, पहिले गेले बदलीवर.”

तो बोलत असताना समीक्षाचे ओठ हलत होते. विंगेतला प्रॉम्प्टर! मला हर्ष झाला. इतकी तयारी मी आजवर पाहिली नव्हती. खोलीत त्या वेळी चार-पाच शिक्षक होते. प्रयोग हाउसफुल्ल. मी हमीपत्र पुढे सरकवलं आणि पेन दिलं.

त्यानं कागद पाहिला. तीन रिकाम्या रेघा पाहिल्या. पेन हातात धरलं, परत ठेवलं. “मॅडम, कागद घरी नेतो जी. सही घरून करून आणतो.”

संपलं. हे वाक्य म्हणजे पुरावाच. दुसऱ्याच्या नावानं सही करायला भाड्याचे बाप घाबरतात, ‘घरून करून आणतो’ म्हणतात आणि मग पोरगं स्वतःच गिरवून आणतं.

मी खुर्चीतून उठले. तीन टाळ्या वाजवल्या, सावकाश. “वा. पाठांतर उत्तम. पण पाठांतर म्हणजे अभिनय नव्हे, दादा.”

शिक्षक हसले. तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. “पाठच करा लागते मले,” तो म्हणाला.

“ऐकलंत? कबुलीही दिली!” मी खोलीला सांगितलं. आणि समीक्षाला म्हटलं, “उद्या खऱ्या वडिलांना आण.”

“हेच बाबा आहेत माझे,” ती म्हणाली.

“सगळे असंच म्हणतात, बाळा.”

तिनं त्याच्या हातातली पिशवी काढून आपल्या हातात घेतली. “चला,” म्हणाली. तो “बरं मॅडम” म्हणाला, मला नमस्कार केला आणि दोघं गेले.

ती पिशवी मी पाहिली होती. भाड्यानं आणलेल्या माणसाची पिशवी कुणी उचलत नाही. एवढं साधं. पण मी त्या वेळी टाळ्या मोजत होते.

गुरुवारी समीक्षा आली नाही. शुक्रवारी सकाळी मी मनोहरभाऊंच्या ठेल्यावर पोहे खाता खाता त्यांना हा किस्सा सांगू लागले. कलावंतानं कलावंताला दाद द्यावी म्हणून. “तुमच्या धंद्यात नवा माणूस आलाय बरं! पांढरा शर्ट, नव्या चपला...”

मनोहरभाऊंची पळी तर्रीतच थांबली. “उमरेडवाला? मॅडम, तो तं असली बाप होता.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“सकाळी आठपासून इथंच तं बसून होता. पोट्टी आत तुमच्या बाकावर होती, तिच्या मधल्या सुट्टीची वाट पाहून राहिला होता. सारखा पुटपुटे. दहावी ड, एक्केचाळीस, वानखेडे मॅडम. मले वाटलं आपलाच भाईबंद. म्हटलं, भाऊ, किसके बाप बनके आए हो? तं म्हणे, माह्या पोरीचा.” त्यांनी गल्ल्याखालून पोहे द्यायचा वर्तमानपत्राचा एक तुकडा काढला. “अन् हे पाहा. माह्याकडून पेन मागितलं. शिकला नाही जी तो. पोट्टीनं नाव लिहायले शिकवलं म्हणे. सही जमली पाहिजे म्हणून घोटत बसला होता.”

जाहिरातीच्या कोऱ्या कडेवर, तेलाच्या डागांच्या मधून, एकाखाली एक लिहिलेलं होतं: भगवान. भगवान. भगवान. पहिल्यांचा ‘ग’ कोसळलेला. शेवटचे दोन-तीन उभे राहिलेले.

मी प्लेट खाली ठेवली. ज्याला वाचता येतं तो विसरू शकतो. रोल नंबर कुठेतरी लिहिलेला असतो, पाहिजे तेव्हा बघता येतो. ज्याला वाचता येत नाही त्याला मुलीचं सगळं डोक्यातच ठेवावं लागतं, दुसरी जागाच नाही. माझ्या शास्त्रात या माणसासाठी रकानाच नव्हता. आणि अंगठा चालतो हो आमच्याकडे! शाईचा डबा माझ्याच टेबलाच्या खणात असतो. “येत नाही” एवढं म्हणाला असता तर भागलं असतं. पण शेजारी मुलगी, समोर पाच मास्तर आणि मध्ये मी. कोण म्हणेल?

सकाळपाळी सुटताच कोरं हमीपत्र पिशवीत टाकलं आणि उमरेडची एसटी पकडली. तिथून पुढे एका शेअर ऑटोत, शेळीच्या शेजारी. रस्ताभर मी माफीचं भाषण बसवत होते. सुरुवात, चढ, उतार, गहिवर. घरापाशी पोचले तेव्हा भगवानभाऊ अंगणात सायकलचं पंक्चर काढत होते. मला पाहून ते उभे राहिले, हात पँटला पुसले, आणि मी पहिलं वाक्य उच्चारायच्या आत ओरडले, “अवं, खुर्ची आण! मॅडम आल्या!”

भाषण तिथेच पडलं. मी एवढंच म्हणू शकले, “भाऊ, माझं चुकलं.”

“नाही जी. मलेच बोलता नाही आलं,” ते म्हणाले.

हे मात्र त्यांच्या बायकोला पटलं नाही. ती चुलीपासून उठून आली आणि पदर खोचून समोर उभी राहिली. “तुमाले बोलता नाही आलं? अन् टाळ्या कोणं वाजवल्या? मॅडम, एक इचारू? तुमाले लेकरू आहे?”

“आहे. मुलगा. पुण्याला शिकतो.”

“दहावीत कोण्या तुकडीत होता?”

“ब... नाही, अ असेल.”

“रोल नंबर?”

मला फक्त घरचा मीटर नंबर आठवला.

“वर्गाच्या मॅडम कोण होत्या?”

“सर होते बहुतेक. उंच होते.”

“राहू द्या,” ती म्हणाली. “तुमी असली आई हाव.”

“अवं, चूप राय ना,” भगवानभाऊ कळवळले. दारामागे कुणीतरी फिस्सकन हसलं. समीक्षा. शाळेत मी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं.

मग हळूहळू कळलं. मामीचं बाळंतपण झालेलं. पाणी भरणं, धुणं, बाळाला धरणं समीक्षावर आलं होतं. ‘आजचा दिवस राहू दे शाळा’ असं करत करत हजेरी गेली. बापाला सांगितलं तर तो गावी परत नेईल आणि शाळा सुटेल, म्हणून ती गप्प. भगवानभाऊ कोळसा खाणीवर पाण्याचा टँकर चालवतात. माझी चिठ्ठी गेली तेव्हा त्यांना पहिल्यांदा समजलं. आता मामाकडे ठेवायचं नाही हे पक्कं. पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा देईल, असं त्यांनी ठरवलं होतं.

“एसटीनं ये-जा करेल,” मी म्हटलं. “पास निघतो.”

“पाहिलं जी ते. पहिली गाडी धरून शाळेत पोचते तं आठ वाजतात. पहिला तास रोज बुडते. हजेरी पहिल्या तासाले असते. महिन्याभरानं तुमी पुन्हा मले बोलावसान.” ते पुन्हा सायकलकडे वळले. “पुन्हा नाही येता येणार मले, मॅडम.”

माझ्याकडे उत्तर होतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा वेळापत्रक या गोष्टीचा मला अभिमान वाटला. “पहिला तास माझ्यावर सोडा,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त सही करा. किंवा अंगठा, दोन्ही चालतं.”

“सही करतो,” ते म्हणाले.

समीक्षानं पेन आणून दिलं आणि चहा टाकते म्हणून आत निघून गेली. खरं म्हणजे चहा चुलीवर केव्हाचा उकळत होता. तिच्या आईला एकदम शेजारी काहीतरी काम आठवलं. मी खुर्ची वळवली आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत बसले. फार बारकाईनं पाहिल्या. एक लंगडत होती. मागे कागदावर पेन टेकल्याचा, थांबल्याचा, पुन्हा टेकल्याचा आवाज येत होता. तीन सह्यांना जितका वेळ लागतो तितका मी त्या कोंबड्यांना दिला.

“झालं जी,” ते म्हणाले.

घरून सही करून देतो म्हणाले होते. दिली.

सोमवारपासून दहावी ड चं वेळापत्रक बदललं. रोज पहिला तास शारीरिक शिक्षण, वानखेडे मॅडम दुसऱ्या तासाला, हजेरीही तेव्हाच. आमचे खेळाचे चौधरी सर तणतणत आले. “मॅडम, थंडीच्या दिवसात सकाळी साडेसातले पोट्ट्यांना मैदानावर? बोर्डाच्या वर्गाले? दात वाजून राहिले माहे!”

“बोर्डाच्या वर्गाला आरोग्य महत्त्वाचं, सर,” मी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हटलं. आयुष्यातला तो माझा उत्तम अभिनय. वानखेडे मॅडमना मी खरं सांगितलं. बाकी साठेक पोरं हिवाळाभर धुक्यात मैदानाला फेऱ्या मारत राहिली. त्यांना अजून माहीत नाही का ते. त्यांच्यातलं कुणी हे वाचत असेल तर, बाळांनो, शिव्या मला द्या. चौधरी सरांना नको.

समीक्षा मार्चमध्ये परीक्षेला बसली, पास झाली, आता उमरेडलाच अकरावीत आहे. तीन प्रश्न मी बंद केले. आता आलेल्याला आधी खुर्ची देते, पाणी देते आणि खोलीतल्या मास्तरांना बाहेर पाठवते. नकली बाप येतात अजून, येणारच. त्यातले काही माझ्याकडून सुटतही असतील. सुटू देत.

पण मला त्या सोमवारचं सांगायचं आहे. पहिल्या दिवशी मुलगी एकटी कशी येईल म्हणून भगवानभाऊ सोबत आले होते. मी वरच्या व्हरांड्यात उभी होते. आठ वाजून गेले होते, मैदानावर दहावी ड धापा टाकत होती, दुसऱ्या तासाची घंटा व्हायची होती. समीक्षा धावत गेटातून आत आली. ते बाहेरच थांबले. तोच पांढरा शर्ट. मनोहरभाऊंनी पोह्यांची प्लेट त्यांच्या हातात दिली, वर तर्री ओतली, आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “क्यों भाऊ, आज किसके बाप बनके आए?”

भगवानभाऊंनी प्लेट ठेल्यावर ठेवली, ताठ उभे राहिले आणि माझ्यापर्यंत ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “दहावी ड, रोल नंबर एक्केचाळीस!”